कुंभारणीला काय कळतं?

पावसाळा ओसरायला लागला की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर कुंभारीण येते. काळं अंग, पायांवर पिवळे पट्टे, आणि कंबर इतकी बारीक की पुढचं नि मागचं धड दोऱ्यानं जोडलंय असं वाटावं. यंदा मी तिच्या खेपा मोजल्या. मागच्या दारच्या नळाखाली जिथं माती कायम ओली असते तिथून ती वाटाण्याएवढी गोळी जबड्यात धरून आणायची, चौकटीच्या कोपऱ्यात चिकटवायची आणि लावताना पंखांचा बारीक, चढ्या सुरातला आवाज काढायची. त्या कंपनानं ओली माती सैल होऊन पसरते. सव्वीस खेपांत बोटाच्या पेराएवढा एक कप्पा उभा राहिला. मग ती कोळी आणायला लागली.

कप्पा बंद झाल्यावर मी तो सुईनं फोडला. फोडताना वाईट वाटलं, पण आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहायचंच होतं. अकरा कोळी निघाले, हिरवट, करडे, एक-दोन उड्या मारणाऱ्या जातीचे, सगळे लोणच्याच्या फोडींसारखे दाबून भरलेले. तळाच्या एका कोळ्याच्या पोटावर पांढुरकं, किंचित वाकडं अंडं चिकटलेलं होतं. सुईचं टोक लागताच त्यातल्या एका कोळ्याचा पाय हलला. तो मेलेला नव्हता.

तो पाय हलला तिथूनच सगळा प्रश्न सुरू होतो. ही माशी एकटी राहते. तिला आई दिसलेली नसते, कारण ती कोषातून बाहेर येते तोवर आई बहुधा मेलेली असते. घर बांधायला, शिकार ओळखायला, ती न मारता लुळी करायला तिला कुणी शिकवत नाही. आपण काय करतोय हे तिला कळतं का? गेली पावणेदोनशे वर्षं माणसं हे विचारत आहेत, आणि या काळात जी उत्तरं पुढे आली त्यांचा हा आढावा आहे.

आधी थोडी ओळखपाळख. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला माळ्यावरचं कागदी पोळं आणि अंगावर येणारा थवा आठवतो. पण डंख असलेल्या माश्यांच्या ज्ञात जाती तेहतीस हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या समूहानं राहणाऱ्या जेमतेम हजारभर. बाकीच्या एकांड्या. कुणी मातीचं घर बांधते, कुणी वाळूत बीळ खणते, कुणी वाळवीनं पोखरलेल्या लाकडात किंवा बोरूच्या पोकळ कांडीत संसार थाटते. प्रत्येकीची शिकार ठरलेली. कुंभारीण कोळी आणते. तिची लांबची नातेवाईक, मडक्याच्या आकाराचं, वर गळा काढलेलं घर बांधणारी, उंटअळ्या आणते. ही दुसरी कोरडी माती पोटातल्या पाण्यानं भिजवून घेते, आणि शिकार आणायच्या आधीच छताला एका बारीक तंतूनं अंडं टांगून ठेवते. एकांड्या माश्या माणसाला क्वचितच चावतात. त्यांचा डंख पोळं राखण्यासाठी नाही, शिकार जिवंत पण निपचित ठेवण्यासाठी आहे. आमच्याकडे दोन लहान मुलं त्या खिडकीखाली रोज जेवतात, कुणालाही कधी काही झालेलं नाही, म्हणून झाडू घेऊन ही घरं खरवडणाऱ्यांना मी कळकळीनं थांबवतो.

त्या बंद घरात काय घडतं, याचं आपल्याकडचं उत्तर फार जुनं आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतला तेविसावा कोळी आणि चोविसावी ही भिंतीत घर करणारी माशी. कोळी आणि त्याची शिकारीण यादीत शेजारी आहेत हे मला नेहमी विलक्षण वाटतं. भिंतीतल्या घरात कोंडलेली अळी भीतीनं त्या माशीचंच ध्यान करते आणि शेवटी माशीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. एकनाथांनी याच स्कंधावरची आपली टीका 1573 साली काशीत पूर्ण केली, आणि हा कीटकभृंगन्याय मराठी कीर्तनात घरोघर पोचला. ध्यानाबद्दल तो जे सांगतो ते आपल्या जागी उभंच आहे. पण तो रचणाऱ्या कुणीतरी हे घर फोडून पाहिलं होतं, हेही त्यातून दिसतं. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, इतकं निरीक्षण अचूक आहे. मधला दुवा तेवढा निसटला. अळीवरचं अंडं दिसलं नाही.

हीच चूक चीनमध्येही झाली. तिथल्या प्राचीन काव्यसंग्रहात ही माशी परक्या अळ्या उचलून नेऊन त्यांना आपली मुलं म्हणून वाढवते अशी समजूत आहे, आणि त्यावरून दत्तक मुलाला अळीचंच नाव पडलं. पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग या वैद्यानं घर उघडून नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं की माशी स्वतःची अंडी घालते आणि अळ्या तिच्या पिल्लांचं अन्न आहेत. तरीही दत्तकाचा शब्द भाषेत टिकला. चांगली गोष्ट एकदा तोंडी बसली की कुणी पुन्हा घर उघडायला जात नाही. ही सवय फक्त जुन्या लोकांची नव्हे, ते पुढे दिसेलच.

युरोपात हा विषय उभा राहिला तो एका वैद्याच्या लेखातून. लेआँ द्युफूर यानं पाहिलं की एक माशी आपल्या बिळात चमकदार भुंगेरे साठवते आणि ते आठवडेच्या आठवडे सडत नाहीत. त्यानं अंदाज बांधला की माशी त्यांत काहीतरी टिकवणारा रस टोचत असावी. आविन्यों गावातल्या जाँ-आंरी फाब्र या तरुण शिक्षकानं तो लेख वाचला, स्वतः बिळं उकरली आणि 1855 साली दाखवून दिलं की भुंगेरे मेलेलेच नसतात. डंख नेमका मज्जातंतूंच्या गाठीत जातो. हालचाल थांबते, जीव राहतो.

फाब्र पुढे साठ वर्षं हेच करत राहिला. सेरिन्यां गावाबाहेरच्या एका खडकाळ, काटेरी माळावर त्यानं घर घेतलं, ते माश्यांसाठीच. त्याच्या कीटकनोंदींचे दहा खंड 1879 ते 1907 या काळात निघाले. प्रयोगशाळा नाही, पैसा नाही, उन्हात पालथं पडून पाहत राहणं हीच त्याची रीत. कुंभारणीवर त्यानं केलेला प्रयोग वाचताना माझ्या पोटात कालवलं. तिनं पहिला कोळी आणून त्यावर अंडं घातलं की फाब्र दोन्ही काढून घ्यायचा. ती दुसरा आणायची, तो तोही काढायचा. ती आणत राहिली, तो काढत राहिला. शेवटी तिनं रिकाम्या कप्प्याचं तोंड मातीनं नीट बंद केलं आणि निघून गेली. दुसऱ्या एकीचं तर अख्खं घरच त्यानं भिंतीवरून उचललं. ती माती घेऊन आली आणि घर जिथं होतं त्या मोकळ्या भिंतीवर लिंपत राहिली. फाब्रचा निष्कर्ष स्पष्ट होता. हातचं काम संपलं की पुढचं सुरू होतं, मागं वळून पाहणं नाही. उपजत प्रेरणा एकाच वेळी अतिशय शहाणी आणि अतिशय आंधळी असते.

त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मात्र रातकिडे धरणाऱ्या माशीवरचा. ती लुळा रातकिडा ओढत बिळाच्या तोंडाशी आणते, उंबऱ्यावर ठेवते, एकटी आत जाऊन बीळ पाहून येते आणि मग त्याच्या मिशा धरून त्याला आत ओढते. ती आत असताना फाब्रनं रातकिडा थोडा दूर सरकवला. ती बाहेर आली, तिनं त्याला शोधून पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं आणि ती पुन्हा आत पाहायला गेली. फाब्रनं पुन्हा सरकवला. असं चाळीस वेळा. चाळीसही वेळा ती आत पाहून आली.

विसाव्या शतकात ही गोष्ट कीटकशास्त्राच्या बाहेर पडली. 1963 साली मेंदूवरच्या एका लोकप्रिय पुस्तकात वुलड्रिज यांनी ती सांगितली. 1982 साली डग्लस हॉफस्टॅटर यांनी या माशीच्या नावावरून यांत्रिक, ठोकळेबाज वागण्याला एक विशेषणच घडवलं. 1984 साली डॅनियल डेनेट यांनी इच्छास्वातंत्र्यावरच्या पुस्तकात तीच माशी उभी केली. संगणक, मन, स्वातंत्र्य, कुठलाही विषय निघाला की ही माशी साक्षीला यायची आणि दरवेळी एकच साक्ष द्यायची: आतून पाहिलं तर जीव म्हणजे यंत्र.

आणि इथं कीटकभृंगाचीच गत झाली. मूळ पानं उघडली तर फाब्रनं पुढे आणखी काही लिहिलेलं आहे. दुसऱ्या एका वसाहतीत त्यानं तोच प्रयोग केला तेव्हा दोन-तीन वेळांनंतर माश्यांनी आत जाऊन पाहणं सोडलं, रातकिड्याच्या मिशा धरल्या आणि थेट आत ओढला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्यानं तिथल्या माशीवर हेच करून पाहिलं, तीही काही वेळांनंतर शिकार सरळ आत घेऊन गेली. हे सगळं छापलेलं होतं, उपलब्ध होतं. तरी चाळीस वेळांचीच गोष्ट फिरत राहिली. फ्रेड काइझर यांनी 2013 साली ही गोष्ट कुणी कुणाकडून कशी उचलली याचा माग काढून सविस्तर लिहिलं, तेव्हा कुठे तत्त्वज्ञांच्या जगात तिचा जोर ओसरू लागला. माझं स्वतःचं मत असं की ती चाळीस वेळांची माशीही वेडी नव्हती. दारात ठेवलेली वस्तू आपोआप हलत नाही. ती हलली म्हणजे कुणीतरी येऊन गेलं. अशा वेळी आत पाहून येणं हे शहाणपणच आहे.

पेकहॅम दांपत्याचं पुस्तक 1898 साली आलं आणि माझ्या मते या विषयातलं ते सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे. त्यांनी परसात आणि बटाट्याच्या शेतात बसून एकेक माशी वेगळी ओळखली. त्यांना दिसलं की डंख दरवेळी नेमका बसत नाही. काही अळ्या मरतात, काही जास्त वळवळतात, आणि माशीची पिल्लं मेलेल्या अळ्यांवरही व्यवस्थित वाढतात. फाब्रचं ते बिनचूक शल्यकर्म त्यांना सापडलं नाही. एक माशी नेटकी, दुसरी गबाळी, तिसरी धांदरट. बीळ बुजवताना एकीनं जबड्यात खडा धरला आणि धुमसानं जमीन चोपावी तशी माती चोपली. आधी कुणाचा विश्वास बसला नाही, पण पुढे अनेकांनी तेच पाहिलं.

घर सापडतं कसं, याचं उत्तर निको टिनबर्गन यांनी हॉलंडमधल्या हुल्सहोर्स्टच्या वाळूत शोधलं. मधमाश्या धरणाऱ्या माशीच्या बिळाभोवती त्यांनी पाइनच्या फळांचं कडं मांडलं आणि ती शिकारीला गेल्यावर कडं थोडं बाजूला सरकवलं. परत आलेली माशी कड्याच्या मधोमध उतरली, जिथं बीळ नव्हतं. म्हणजे ती वासावर नव्हे, खुणांवर येते. हे 1932 साली छापून आलं, आणि टिनबर्गन यांना 1973 साली नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संशोधकांनी 2016 साली वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की बिळातून निघणारी माशी घराकडे तोंड ठेवून मागं मागं, कमानी काढत उडते आणि वेगवेगळ्या कोनांतून ती जागा डोळ्यांत साठवते. आमची कुंभारीणही पहिल्या दिवशी अशीच खिडकीसमोर डुलत होती. तेव्हा मला वाटलं ती गोंधळली आहे.

पण कळण्याच्या प्रश्नावर मला सर्वांत वजनदार वाटतं ते टिनबर्गन यांच्याच शिष्याचं, जेरार्ड बेरेंड्स यांचं काम. बायकोला सोबत घेऊन ते उन्हाळ्यामागून उन्हाळे त्याच वाळूत बसले आणि 1941 साली त्यांचा प्रबंध निघाला. त्यांची माशी अळ्या आणणारी. एका बिळात एकच पिल्लू, पण अशी दोन-तीन बिळं ती एकाच काळात सांभाळते आणि प्रत्येकातलं पिल्लू वेगळ्या वयाचं. एकात नुसतं अंडं, दुसऱ्यात लहान अळी, तिसऱ्यात अधाशी मोठी. सकाळी ती प्रत्येक बिळावर रिकाम्या हातानं जाते, दार उघडून आत पाहते, बंद करते. मग त्या दिवशी कुठे किती न्यायचं ते ठरतं. बेरेंड्सनी बिळाच्या जागी आतलं बदलता येईल अशी प्लास्टरची घरटी बसवली. सकाळच्या फेरीआधी त्यांनी शिकार काढून घेतली तर ती जास्त आणायची, भरून ठेवली तर कमी. फेरी झाल्यानंतर काहीही बदललं तरी दिवसभरात फरक पडायचा नाही. सकाळी पाहिलेलं तिच्या लक्षात राहतं, घराघरागणिक वेगळं, आणि त्यावर ती दिवस चालवते.

दिवसा ती पाहत नाही हा फाब्रला दिसलेला आंधळेपणा. सकाळी ती पाहते, आठवते, ठरवते हे पेकहॅमना दिसलेलं शहाणपण. एकाच माशीत दोन्ही आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. म्हणून माशीला कळतं का, हा प्रश्न असा अख्खा विचारण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. कुठल्या कामात, कुठल्या क्षणी, कशाबद्दल कळतं, असंच विचारायला हवं.

हिशोबाच्या बाबतीत पाहायचं तर, जेन ब्रॉकमन यांनी अमेरिकेत लांब मिशांचे हिरवे टोळ साठवणाऱ्या माशीवर वर्षानुवर्षं नोंदी केल्या. काही वेळा ती स्वतः बीळ खणते, काही वेळा तयार बिळात शिरते, आणि त्या बिळाला धनीण असली तर पुढे भांडण होतं. 1980 साली रिचर्ड डॉकिन्स यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की बिळात एकूण किती टोळ आहेत त्यावर भांडणाचा जोर ठरत नाही. स्वतः किती आणले, तेवढाच हिशोब. माणूसही पुष्कळदा असाच भांडतो.

केनेथ कूपर यांचा 1957 सालचा शोध अगदी छोटा आहे, पण मनातून जात नाही. पोकळ कांडीत एकामागे एक कप्पे करणारी माशी मधल्या मातीच्या भिंती बाहेरच्या बाजूनं घालते. त्यामुळे बाहेरची बाजू गुळगुळीत होते, आतली खडबडीत राहते. आतली अळी कोष विणण्याआधी भिंती चाचपते आणि खडबडीत भिंतीकडे डोकं करून झोपते. तीच बाहेर पडायची दिशा. कूपर यांनी भिंत उलटी बसवली तर अळ्या उलट्या तोंडानं कोषात गेल्या. आई मेलेली असते, तरी तिच्या हाताचा स्पर्श पिल्लाला रस्ता सांगतो. शिवाय अंडं फलित करायचं की नाही हे तिच्या हातात असतं, फलित अंड्यातून मादी होते, अफलितातून नर. कांडीत आतल्या कप्प्यांत सहसा मुली, दाराशी मुलगे, आणि दाराशी असलेले आधी बाहेर पडतात.

विषाच्या बाबतीत आता फाब्रच्या कितीतरी पुढे गेलो आहोत. झुरळं धरणारी, पाचूसारखी हिरवीनिळी माशी आपल्या देशातही आहे. इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडेरिक लिबरसाट यांच्या गटानं तिचा अभ्यास केला. पहिला डंख छातीत, त्यानं झुरळाचे पुढचे पाय काही मिनिटं लुळे पडतात. तेवढ्यात दुसरा डंख थेट मेंदूत. झुरळ आधी अर्धा तास स्वतःला साफ करत बसतं, मग उभं राहतं, पाय शाबूत असतात, पण आपणहून चालायची इच्छाच उरत नाही. माशी त्याच्या मिशा अर्ध्या कापते, उरलेला तुकडा धरते आणि दाव्याला धरून गुरू न्यावं तसं त्याला बिळाकडे चालवत नेते. हे वाचून डार्विनची आठवण होते. 1860 साली एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात अळ्यांना आतून खाणाऱ्या माश्यांचा दाखला देऊन त्यानं विचारलं होतं की दयाळू देवानं हे मुद्दाम कसं घडवलं असेल. मला या प्रश्नाचं ओझं खरं वाटतं. त्या कोळ्याचा हललेला पाय मी विसरलेलो नाही.

टिनबर्गनच्या माशीकडे तर औषधंही निघाली. तिच्या मिशांतल्या ग्रंथींत जिवाणू राहतात. कप्प्यात ती त्यांचा पांढरा लेप लावते, अळी तो कोषात विणून घेते, आणि त्यातली प्रतिजैविकं बुरशीपासून कोष राखतात. मार्टिन काल्टेनपोथ आणि एरहार्ड श्ट्रोम यांनी 2005 साली हे मांडलं, आणि पुढे अशी नऊ द्रव्यं ओळखली गेली.

आपल्याकडे या माश्यांची पहिली मोठी मोजदाद चार्ल्स बिंगहॅम यांनी 1897 साली ब्रिटिश भारताच्या प्राणिकोशात केली, आणि पुसा इथल्या दत्त यांनी 1912 साली त्यांच्या जीवनकथा लिहिल्या. त्याआधीच, 1883 साली, साताऱ्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एडवर्ड एटकन यांनी घरातल्या या शेजारणींवर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. तमिळ घरांत कुंभारणीनं घर बांधलं की पाळणा हलणार असं म्हणतात. बिंगहॅमच्या टाचणीला लावलेल्या नमुन्यांइतकंच या समजुतीलाही मोल आहे, कारण तिच्यामुळे घरं शाबूत राहतात.

नुकसानही होतं, ते लपवायला नको. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं विमान समुद्रात पडून 189 माणसं गेली. काही आठवडे उभ्या असलेल्या त्या विमानाची वेग मोजणारी नळी कुंभारणीच्या मातीनं बुजली असावी, असा तपासकांचा निष्कर्ष. ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशाच एका छोट्या माशीनं इतका त्रास दिला की संशोधकांनी नळ्यांच्या प्रतिकृती तिथं लावून ती कुठल्या मापाची नळी निवडते ते तपासलं. उपाय सोपा आहे, नळीवर झाकण. त्याउलट शेतातल्या उंटअळ्या उचलणाऱ्या माश्यांना आपण अळ्यांबरोबरच फवारून मारतो आणि मग पुन्हा फवारतो.

माझ्या खिडकीतल्या कप्प्याचं राहिलं. फोडलेला कप्पा मी तसाच ठेवला होता, कोळी आणि अंडं परत आत सारून, तोंड उघडं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती आली, जबड्यात मातीची गोळी होती. फाब्रच्या त्या कुंभारणीसारखी ती उघडं तोंड लिंपून निघून जाईल असं मला वाटलं. ती काठावर बसली, मिशा दोनदा आत फिरवल्या, डोकं आत घातलं, बाहेर काढलं. मग दोन बोटं बाजूला सरकली आणि नव्या कप्प्याची पहिली गोळी तिथं लावली.